गोळीला नऊ, मशेरीला दोन: एका मासेविक्रेत्या काकींचं प्रकरण

(नाव, गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मालवण ते वेंगुर्ला या पट्ट्यातलं एक किनारी गाव आणि तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र. काकी पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ट्रॉलरवर खलाशी, घरात सून आणि चार वर्षांची नात. काकी पहाटे उठून बंदरावर जातात, लिलावात माल घेतात आणि बाजारात वाटे लावून बसतात. दुपारी घरी आल्यावर पहिलं जेवण. हा दिनक्रम कित्येक वर्षांचा आहे आणि पुढे येणाऱ्या सगळ्याचा त्याच्याशी संबंध आहे.

तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासण्याच्या मोहिमेत आशाताईंनी त्यांना केंद्रात आणलं. मार्च महिना होता. पहिलं बीपी १६८/१०२ आलं. रांगेत बसल्या बसल्या त्यांनी मशेरी लावली होती. निकोटिनमुळे काही काळ बीपी आणि नाडी दोन्ही वाढतात, म्हणून चूळ भरायला लावून, अर्धा तास स्वस्थ बसवून पुन्हा घेतलं. १६२/१००. पुढच्या आठवड्यातही तेवढंच. साखर ठीक होती.

मशेरीबद्दल कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची, डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाचदा बोटाने दातांवर, हिरड्यांवर फिरवायची. बहुतेक बायकांना ती व्यसन म्हणून लागत नाही, दात घासायचं साधन म्हणून लहानपणीच हातात येते. काकींना ती आईकडून आली. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण घरच्या चुलीवर भाजलेल्या पुडीला कुठला कायदा अडवणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, बायकांमध्ये हे प्रमाण १२.८ टक्के होतं. दवाखान्यात मात्र बाईला 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, कारण मशेरी खाल्ली जात नाही, लावली जाते. नाव घेऊनच विचारावं लागतं.

तोंड तपासताना खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, पुसून न निघणारा पांढरट, सुरकुतलेला डाग दिसला. नखाएवढा. मशेरी रोज तिथेच ठेवली जात होती.

अडचण कुठे होती

काकींचं जुनं कार्ड बाहेर काढलं. अंगदुखी, ताप, दाढदुखी अशा कारणांनी त्या अधूनमधून येऊन गेल्या होत्या. तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच ओळ होती: 'तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला.' त्यापुढे काही नाही. आणि तीनही वेळा काकी 'सोडतंय, सोडतंय' म्हणाल्या असणार, कारण याही वेळी त्या तसंच म्हणाल्या.

आमच्या भागात डॉक्टरला तोंडावर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून 'करते', 'बघते', 'सोडते' ही उत्तरं आदरापोटी येतात. त्यांत खोटेपणा नसतो, पण तयारीही नसते. आपण मात्र ते उत्तर तयारी म्हणून लिहून घेतो आणि पुढच्या वेळी माणूस तसाच परत आला की त्याला हट्टी ठरवतो.

त्यात काकींसमोर एकदम तीन बदल उभे होते: बीपीची गोळी रोज घेणं, मीठ कमी करणं आणि मशेरी सोडणं. जेवणात सुके बांगडे, सुकट, लोणचं, पापड आणि आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) सोलकढी असल्यावर मीठ किती जातं याचा अंदाज कुणालाही येईल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ सांगते. या तीन गोष्टींची एकत्र यादी हातात दिली की समोरचा माणूस तीनही गोष्टींना एकच 'हो' म्हणतो. त्या एका 'हो'च्या पोटात काय काय दडलं आहे, ते वेगवेगळं करून बघणं हे आमचं पहिलं काम होतं.

तयारी कशी तपासली

सवय बदलण्याच्या तयारीवर बरंच काम झालं आहे. अमेरिकेतले जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी १९८३ साली सिगारेट सोडणाऱ्या माणसांच्या अभ्यासातून टप्पे मांडले. पुढे त्यात तयारीचा टप्पाही आला आणि मांडणी अशी झाली: विचारच नसणं, विचार चालू असणं, तयारी, कृती आणि टिकवणं. येत्या सहा महिन्यांत बदलायचा विचार नसेल तर पहिला टप्पा, महिन्याभरात करायचं ठरवलं असेल तर तयारीचा. त्याच वर्षी विल्यम मिलर यांनी दारूच्या रुग्णांशी वाद न घालता बोलण्याची पद्धत लिहिली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर तिला आकार आला. त्यातलंच एक साधन म्हणजे शून्य ते दहाची पट्टी. 'हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं' आणि 'हे जमेल याची किती खात्री वाटते' असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

कागदावरची पट्टी आमच्याकडे चालत नाही. शाळा फार न पाहिलेल्या बाईसमोर आकड्यांची रेघ ठेवली की तिला परीक्षा द्यायला बसवल्यासारखं होतं. म्हणून सिस्टरांनी एका बरणीत दहा चिंचोके ठेवले आहेत. दुपारी ओपीडीची गर्दी ओसरली की ते टेबलावर ओतायचे आणि विचारायचं.

काकींनी वाटे लावण्यात आयुष्य घालवलं आहे, त्यांना हे लगेच कळलं. गोळीसाठी 'गरज किती' याला त्यांनी आठ चिंचोके पुढे सरकवले आणि 'जमेल किती' याला नऊ. मिठासाठी गरज तीन, जमेल सात. मशेरीसाठी गरज किती, या प्रश्नावर त्यांचा हात जरा थांबला. मग एकेक करून सात चिंचोके आले. 'जमेल किती' याला दोन.

या सात आणि दोनने आमचा तोवरचा समज उलटा केला. कार्डावरच्या तीन ओळींमागे एकच गृहीतक होतं: या बाईला मशेरीचा धोका कळत नाही किंवा त्याची पर्वा नाही. म्हणून प्रत्येकाने तिला धोका सांगितला. पण धोका तिला ठाऊक होता, सोडायलाही हवी होती. आपल्याच्याने ते होईल यावर तिचा विश्वास नव्हता. मिठाचं नेमकं उलट. जमेल, पण कशाला करायचं?

चिंचोके मोजून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो विसरला तर सगळा खेळ वाया जातो. 'सातच का, दहा का नाही' असं विचारायचं नाही, त्याने माणूस कारणं आणि सबबी सांगू लागतो. विचारायचं खालच्या बाजूने: 'तीन का नाही? सात का?'

काकी म्हणाल्या, "नातीन डबीत बोट घातल्यान नि माझ्यासारखा दातार फिरवल्यान." सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तिला लागू नये असं वाटतं तुम्हाला." बराच वेळ काकी गप्प. मग, "माझ्यावांगडाच जावंदे ह्यां." म्हणजे, माझ्याबरोबरच संपू दे हे.

आणि जमेल याला शून्य का नाही, दोन का? "धाकटो पोटात होतो, तेवा वास इलो तरी माका उलटी येय. पाच म्हयने हात लावूक नाय." पाच महिने! आयुष्यात एकदा त्या पाच महिने मशेरीशिवाय राहिल्या होत्या, आणि हे त्यांनी कधी 'सोडणं' म्हणून मोजलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मिठाचं उत्तर चटकन आलं. "सुक्या बांगड्यान काय होणा नाय. माझो बापूस नव्वद वर्सा जगलो."

प्रोचास्कांच्या भाषेत बोलायचं तर एकच बाई गोळीच्या बाबतीत कृतीला तयार, मशेरीच्या बाबतीत विचारात आणि मिठाच्या बाबतीत विचाराच्याही अलीकडे. 'रुग्ण तयार आहे का' या प्रश्नाला म्हणूनच काही अर्थ उरत नाही. कशासाठी, हे आधी विचारायला हवं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा. तीनही गोष्टी आजपासून सुरू करा म्हणून सांगायचं आणि महिन्याने बोलवायचं. वेळ वाचतो. पण दोन चिंचोक्यांची खात्री असलेल्या बाईने मशेरीत हार खाल्ली की ती लाजेने केंद्रात येणं बंद करते आणि मग नऊ चिंचोक्यांची गोळीही सुटते. हा तोटा परवडणारा नव्हता.

दुसरा, डागाची भीती घालायची. आरसा धरून डाग दाखवायचा आणि कॅन्सरचं नाव घ्यायचं. हा मोह मोठा असतो आणि हेतू चांगलाच असतो. धूरविरहित तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे निर्विवाद आहे. पण भीती महत्त्व वाढवते, आणि इथे महत्त्व आधीच सात होतं. खात्री दोन असलेल्या माणसाची भीती वाढवली तर तो डाग दाखवायलाही येत नाही. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण उशिरा येतात, त्यामागे हेही एक कारण मी पाहत आलो आहे.

तिसरा, आत्ता फक्त गोळी. बाकीचं तिला वाटेल तेव्हा. यात आदर आहे, पण डाग वाट बघत नाही.

आम्ही चौथा मार्ग घेतला. गोळी आजपासून. डागाची तपासणी लगेच, तिचा तयारीशी संबंध जोडायचा नाही. मशेरीबाबत धोक्याचं एक वाक्यही जास्त बोलायचं नाही, फक्त खात्री वाढवण्यावर काम करायचं. मिठाबाबत उलट: कसं करायचं ते नंतर, आधी का ते समजायला हवं.

यात एक खरा पेच होता. डाग गंभीर निघाला असता तर इतक्या सबुरीने चालणं योग्य ठरलं असतं का? माझं मत असं, की तपासणी पुढे ढकलायची नसते, मनधरणी मात्र सबुरीनेच करावी लागते. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बोलल्या की दुसरी पहिलीला खाऊन टाकते. म्हणून काकींना एवढंच सांगितलं: "हा डाग कसला आहे ते तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. वाईटच असेल असं नाही. पण बघायला हवं, आणि या पंधरवड्यात."

काय केलं

तपासणीला जायला काकींची हरकत नव्हती, अडचण बाजाराची होती. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे दिवस मोडणार, माल सडणार. तारीख देताना आम्ही सहसा डॉक्टरांचा वार बघतो, बाईचा वार बघत नाही. काकींनीच सांगितलं, सोमवारी बरीच घरं मासे खात नाहीत, बाजार थंड असतो. सोमवार ठरला. आशाताई बरोबर गेल्या.

गोळी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. सकाळी गडबड असते, म्हणून तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावल्यावर घ्यायची असं काकींनी ठरवलं. पायांना सूज आली तर गोळी बंद न करता येऊन दाखवायचं, हेही ठरलं.

मशेरीसाठी आम्ही एकच विचारलं: दिवसातली कुठली वेळ सगळ्यात अवघड? त्यांनी दिवस उलगडला. पहाटे उठल्यावर पहिली, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही. बाजारात दोन-तीनदा. दुपारी जेवल्यावर एक. रात्री मुलगा समुद्रावर असला की झोपेपर्यंत.

बाजारातल्या मशेरीबद्दल बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. काकी पहाटे कोऱ्या चहावर निघतात आणि दुपारपर्यंत पोटात काही नसतं. मशेरीने भूक मरते. म्हणजे मशेरी त्यांची न्याहारी होती! ती काढून घेऊन तिथे नुसती पोकळी ठेवणारा सल्ला टिकलाच नसता. काकींनीच तोडगा काढला: रात्रीच्या भातातला मूठभर ठेवून पहाटे पेज करायची, डब्यात न्यायची.

निकोटिन च्युइंगमचा विचार केला आणि सोडला. काकींच्या दोन दाढा हलत होत्या आणि तपासणीसाठी डागाचा तुकडा काढल्यावर तोंडात लवकरच टाके पडायचे होते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा नंबर दिला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला काकी तयार नव्हत्या. तोही आग्रह धरला नाही.

मिठासाठी आशाताई घरी गेल्या आणि काकींच्या स्वयंपाकघरात बसल्या. भाषण नाही. आगळात मीठ असतं, कढीत वरून पुन्हा मीठ पडतं, सुका बांगडा खारवलेला, त्याच्या सारात पुन्हा मीठ. हे काकींनी स्वतःच मोजलं आणि जरा चकित झाल्या. बीपी आणि मिठाचा संबंध सांगून आशाताईंनी विचारलं, पंधरा दिवस एक करून बघायचं का? काकींनी दोन गोष्टी निवडल्या: सुके मासे दोन पाण्यांत भिजवून ते पाणी टाकायचं, आणि आगळाच्या कढीत वरून मीठ घालायचं नाही. लोणच्याला हात लावायचा नाही अशी त्यांची अट होती. आम्ही ती मानली.

रिपोर्ट चांगला आला तेव्हा

डागाचा तुकडा काढला, टाके पडले, आणि जखम भरेपर्यंत तिथे काही लावू नका असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. रिपोर्टमध्ये कातडी जाड झालेली, कॅन्सरपूर्व बदल नाहीत.

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण मला हाच वाटतो. वाईट रिपोर्ट आल्यावर काय बोलायचं याची सगळे तयारी करतात. चांगल्या रिपोर्टची कुणी करत नाही. काकी कागद घेऊन आल्या आणि सरळ विचारलं, "म्हंजे लावूक हरकत नाय?"

यावर घाईने 'छे छे, अजिबात नाही' म्हटलं असतं तर सल्ल्याची चौथी ओळ कार्डावर पडली असती. मी जे खरं ते सांगितलं. आज त्या डागात कॅन्सर नाही. तंबाखू तिथे लागत राहिली तर पुढचं वचन मी देऊ शकत नाही. तंबाखू थांबली की असे डाग बऱ्याच जणांचे फिके होतात किंवा जातात. मग विचारलं, "आता तुम्हाला काय वाटतं?"

त्या टाक्यांवर बोट फिरवत म्हणाल्या, तोंड दुखतं म्हणून लावलीच नाही. कधीपासून? तुकडा काढला त्या दिवसापासून. सहा दिवस झाले होते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात आणि ते मागे पडले होते. चिडचिड झाली होती, पोट बांधलं होतं, डोकं जड होतं, पण त्याचं खापर त्यांनी टाक्यांवर फोडलं होतं. "काकी, हे सोडणंच आहे," असं सिस्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. चिंचोके मागवले. जमेल किती? पाच.

टप्प्यांची मांडणी इथे अपुरी पडते. माणूस विचार, मग तयारी, मग कृती असा पायऱ्या चढत जातो असं त्यात गृहीत आहे. इंग्लंडमधल्या रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ साली या मांडणीवर कडक टीका केली. पुढच्या वर्षी त्यांच्या पाहणीत असं दिसलं की सिगारेट सोडण्याचे जवळपास निम्मे प्रयत्न आधी काही न ठरवता झाले होते आणि ते ठरवून केलेल्यांपेक्षा जास्त टिकले. काकींचंही तसंच झालं. ठरवलं कुणीच नव्हतं, दार आपोआप उघडलं होतं. तयारी तपासणं म्हणजे माणसाला 'अजून वेळ आहे' या कप्प्यात टाकून बसणं नव्हे. दार कधी उघडेल ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक भेटीला विचारायचं.

त्या दिवशी बाकीचं ठरलं: दात ब्रशने घासायचे, पहाटे गरम पाणी, बाजारात तोंडात बडीशेप, पेज चालू.

पावसाळा

एक गोष्ट काकींनी आधीच बजावली होती: सुनेला सांगू नका. सूनही मशेरी लावते आणि घरची मशेरी तीच भाजते. घरातल्यांना सांगितलं तर आधार मिळतो हे खरं, पण जाहीर केल्यावर घसरलं तर लाजही तेवढीच. आम्ही काकींचं ऐकलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बाजार नाही, पाऊस, दिवसभर घरात, आणि माजघरापर्यंत येणारा तव्यावरच्या तंबाखूचा वास. जूनच्या मध्याला काकी तपासणीला आल्या नाहीत. आशाताई घरी गेल्या तर काकी आत निघून गेल्या. आशाताईंनी मशेरीचं नावही काढलं नाही. बीपी घेतलं, १४६/९० आलं, ते आधीपेक्षा कमी आहे असं सांगितलं आणि गोळ्या ठेवून निघाल्या. पुढच्या आठवड्यात काकी स्वतः आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाल्या, "लावलंय."

पुन्हा चिंचोके. गरज आठ. जमेल किती याला चार. मार्चमध्ये ते दोन होते आणि मधल्या काळात त्या घसरल्या होत्या, तरीही चार! हे काकींना दाखवलं. मग विचारलं, घरात काय वेगळं असतं तर सोपं गेलं असतं? वास, त्या म्हणाल्या. आणि सुनेशी बोलायला आपणहून परवानगी दिली.

सुनेसमोर तेच चिंचोके ठेवले. मशेरी सोडायची गरज तीन, जमेल तीन. ती तयार नव्हती आणि तिने ते स्पष्ट सांगितलं, हे मला चांगलं लक्षण वाटलं. पण सासूला वास येऊ नये म्हणून मशेरी भाजणं घराबाहेर, न्हाणीच्या चुलीवर करायचं का, याला तिने दहाच्या दहा पुढे केले. डबी उंच फळीवर गेली, नातीचा हात पोचणार नाही अशी.

चतुर्थीला घर भरलं, मुंबईच्या जावा आल्या, रात्रभर भजन आणि फुगड्या. त्या रात्री काकींनी एकदा लावली. विसर्जनानंतर त्यांनी येऊन सांगितलं, कुणी न विचारता. जूनमध्ये लपणारी बाई सप्टेंबरमध्ये स्वतः सांगायला येते, हा बदल मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

परिणाम

बीपीसाठी जुलैत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडावी लागली. दिवाळीत १३४/८४ होतं आणि तिथेच टिकून आहे. यात मोठा वाटा गोळ्यांचा आहे. मशेरी सुटल्याने बीपी उतरलं असं म्हणणं बरोबर होणार नाही.

चतुर्थीनंतर काकींनी मशेरी लावलेली नाही, मुलाची होडी एका रात्री उशिरा आली तेवढा एक अपवाद सोडून. डाग फिका झाला आहे, दर तीन महिन्यांनी पाहतो. सुके मासे भिजवून घेणं अंगवळणी पडलं आहे. आता काकी बाजारात गिऱ्हाइकांनाही तसंच सांगतात. मिठाची गरज किती, याला त्या हल्ली पाच चिंचोके ठेवतात. लोणचं आहे तिथेच आहे. सून अजून तीनवर आहे.

पुढच्या वेळी काय वेगळं

तुकडा काढायची तारीख ठरते तेव्हाच त्या आठवड्याची तयारी करायला हवी. तोंडात टाके असताना मशेरी तशीही बंद राहणार असते. पेज, बडीशेप, गरम पाणी हे सगळं त्याच दिवशी घरात असलं तर ते सहा दिवस इतके जड जात नाहीत. दाढ काढायला आलेल्या मशेरीवाल्या बायकांसाठी आम्ही आता हेच करतो.

घरच्यांना सांगायचं की नाही हा प्रश्न एकदा विचारून मिटत नाही. मार्चमधला नकार जूनमध्ये बदललेला असू शकतो. बाजार बंद होऊन बाई दिवसभर घरात येणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं, तेव्हा मेअखेरीस तो प्रश्न पुन्हा निघायला हवा. किनाऱ्यावरच्या रुग्णांसाठी बंदीचे महिने, चतुर्थी आणि शिमगा या तारखा पाठपुराव्याच्या वहीत आधीच घालता येतात.

चिंचोक्यांबद्दलही सावध राहावं. हे मोजमाप नाही. एका बाईचे पाच आणि दुसरीचे पाच सारखे नसतात, आणि डॉक्टर खूश व्हावेत म्हणून आकडा वाढवला जातो, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या वेळी. आकड्यापेक्षा त्यानंतरच्या 'शून्य का नाही' या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवायचं. गरज कमी आणि खात्री जास्त असेल तर माहिती द्या, गरज जास्त आणि खात्री कमी असेल तर माहिती थांबवा आणि दिवस कसा जातो ते विचारा. दोन्ही कमी असतील, जसं सुनेचं, तर दार उघडं ठेवा आणि तिला जे मान्य आहे तेवढं आज होऊ द्या.

आमच्या कार्डावर 'सल्ला दिला' ही ओळ आता बंद आहे. तिच्या जागी सवयीचं नाव, दोन आकडे आणि रुग्णाच्या तोंडचं एक वाक्य लिहितो. काकींच्या कार्डावर मशेरीसमोर शेवटची नोंद अशी आहे: गरज नऊ, जमेल आठ, 'रातचा झील (मुलगा) दर्यार आसलो की अजून आठवता.' पुढच्या भेटीत बोलायचं आहे ते त्या रात्रींबद्दल.